नवा संगणक सुरू का होत नाही?

राजारामपुरीत एखाद्याचे घर शोधायचे असेल तर फारसे कष्ट पडत नाहीत. कोल्हापूरच्या या वसाहतीत गल्ल्यांना क्रमांक आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली असे मोजत गेले की नवखा माणूसही हव्या त्या दारापाशी पोहोचतो. पण हाच माणूस घाईघाईने नवव्या गल्लीतून दुसरीत आणि दुसरीतून पाचवीत धावू लागला, तर संध्याकाळ होईल आणि घर काही सापडणार नाही. यंत्रातला बिघाड शोधतानाही असेच होते. एका पावसाळी रविवारी, याच राजारामपुरीत, मी स्वतः असा धावलो.

आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी तिथे राहते. तिची अम्मी कपडे शिवते. मोठा भाऊ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत काम करतो. मुलीचे टायपिंग चांगले, उर्दूही आणि मराठीही. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, अर्ज अशी कामे ती दुसऱ्याच्या दुकानात तासाचे भाडे देऊन करत असे. मिळकतीतला बराचसा भाग भाड्यातच जाई. म्हणून भावाने ठरवले की बहिणीला घरीच संगणक घेऊन द्यायचा. तयार संगणक महाग पडत होता. तेव्हा त्याने चार महिन्यांत पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला काढून एकेक सुटा भाग विकत आणला आणि मोबाइलवर चित्रफिती पाहून घरीच जोडणी केली.

शनिवारी रात्री त्याने बटण दाबले. आतले पंखे फिरू लागले, रंगीत दिवे लागले. पडदा मात्र काळाच राहिला. दहा वेळा बंद करून दहा वेळा सुरू केला, तरी काळाच. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "माल चालूच होता. जोडताना काही तुटलं असेल तर बदलून मिळणार नाही." त्याचेही तसे चूक नव्हते. पण या घरात त्या एका वाक्याने रात्रीची झोप उडाली. चार महिन्यांचे पैसे त्या डब्यात होते आणि गुरुवारपर्यंत एका लग्नपत्रिकेचे काम द्यायचे होते. सकाळी मुलीचा मला फोन आला, "सर, भाईजान रात्रीपासून जेवले नाहीत. तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

मी गेलो. जाताना स्क्रू ड्रायव्हर घेतला, एक खोडरबर घेतले, आणि मनात उत्तरही तयार करून नेले. तीच माझी चूक झाली.

तुम्ही विचाराल, खोडरबर कशाला? शाळेतले जुने संगणक बंद पडले की बहुतेक वेळा दोष रॅमचा निघतो. रॅम म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती. बोटभर रुंदीची ती पट्टी असते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात. दमट हवेत त्यांवर मळ बसतो. पट्टी काढायची, दात खोडरबराने हळुवार पुसायचे, पट्टी पुन्हा बसवायची, की काम होते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मी हे कितीतरी वेळा केले आहे. म्हणून इथेही काही न विचारता मी तेच केले. मुलीची अम्मी चहा घेऊन आली. मी म्हणालो, "खाला, काळजी करू नका, पाच मिनिटांचं काम आहे." अर्धा तास गेला. पट्टी चकचकीत झाली आणि पडदा काळाच राहिला. नव्या कोऱ्या पट्टीवर मळ कुठून येणार, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते.

भाऊ तेव्हा हळूच म्हणाला, "सर, आमचे मामू शेतावरची ऑइल इंजिनं दुरुस्त करतात. इंजिन सुरू होत नसेल तर ते आधी टाकीत डिझेल आहे का बघतात. मग डिझेलच्या नळीत हवा अडकली आहे का बघतात. मग पुढचं."

कोल्हापूर हे ऑइल इंजिनांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. तिथला मुलगा हे बोलला यात नवल नाही. मला मात्र मनातून शरम वाटली. मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि मुलीला एक वही घेऊन बसायला सांगितले. आपण काय बदलले आणि काय झाले ते तिने ओळीने लिहायचे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुरू झाला, तर दोष कशात होता ते कळत नाही. सुरू झाला नाही, तर कधी कधी नवाच दोष पदरात पडतो.

आता संगणक सुरू होतो म्हणजे आत काय होते, ते आधी पाहू.

घरातल्या भिंतीच्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टची वीज येते आणि ती सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. संगणकाच्या नाजूक भागांना अशी वीज चालत नाही. डब्याच्या मागच्या बाजूला पॉवर सप्लाय नावाची जी पेटी असते, ती या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या सरळ वाहणाऱ्या विजेत रूपांतर करते. तिथून वायरी मदरबोर्डकडे जातात. मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती मोठी पाटी. या पाटीला वीज दोन ठिकाणी द्यावी लागते. एक रुंद जोड २४ पिनांचा असतो. तो पाटीसाठी. दुसरा लहान, बहुधा ८ पिनांचा. तो खास प्रोसेसरसाठी. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू आणि त्याची विजेची भूक मोठी, म्हणून त्याला वेगळी वाट.

डब्यावरचे बटण भिंतीवरच्या बटणासारखे नसते. ते वीज जोडत किंवा तोडत नाही. दाबले की मदरबोर्डवरच्या दोन बारीक पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात, एवढेच. ती एक खूण असते, 'जागा हो' अशी. खूण मिळाली की पॉवर सप्लाय पूर्ण जोमाने काम करू लागतो आणि वीज ठीक झाली असे मदरबोर्डला कळवतो. मग प्रोसेसर जागा होतो आणि एका ठरलेल्या जागेवरून पहिली आज्ञा वाचतो. ही आज्ञा मदरबोर्डवरच्याच एका छोट्या चकतीत कायमची लिहिलेली असते. तिच्यातल्या कार्यक्रमाला पूर्वी बायोस म्हणत. आज त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, तरी लोक अजून बायोसच म्हणतात. हा कार्यक्रम प्रथम घरातल्या सगळ्यांची हजेरी घेतो. प्रोसेसर ठीक आहे का? रॅम आहे का? पडद्यावर चित्र पाठवणारा भाग आहे का? मग डिस्क कुठे आहे? या हजेरीला 'पोस्ट' म्हणतात. हजेरीत महत्त्वाचा कोणी गैरहजर निघाला की काम तिथेच थांबते. पंखे मात्र फिरत राहतात, कारण पंख्याला वीज मिळाली की पुरे, त्याला हजेरीशी काही कर्तव्य नसते.

म्हणून पंखे फिरताहेत याचा अर्थ संगणक सुरू झाला असा नाही. अगदी काहीच हालचाल नसेल, तर भिंतीचे बटण, पॉवर सप्लायच्या मागचा छोटा खटका आणि डब्याच्या बटणाची बारीक वायर पाहावी. क्षणभर सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर कुठेतरी नको तिथे धातूला धातू लागलेला असण्याचा संभव असतो. मदरबोर्डखाली पितळेच्या छोट्या खुंट्या लावतात. एखादी खुंटी भलत्या भोकात राहिली तर ती पाटीच्या पाठीला टेकते आणि वीज आडवाटेने जाते. आमचा प्रकार तिसरा होता. सगळे फिरत होते, पडदा काळा होता. म्हणजे हजेरी कुठेतरी अडली होती. कुठे, ते कसे कळणार?

ते यंत्रालाच विचारायचे असते. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हापासून ही सोय आहे. हजेरी नीट झाली की तो संगणक एकदा छोटा 'बीप' आवाज करत असे. दोष असेल तर आवाजांची संख्या आणि लांबी बदलत असे. पडदा चालत नसला तरी कानाने दोष ओळखता येई. पुढे निरनिराळ्या कंपन्यांनी आपापल्या खुणा ठरवल्या. म्हणून आजही मदरबोर्डबरोबर येणारी पुस्तिका जपून ठेवावी. आपल्याकडे खोके उघडले की ती प्रथम रद्दीत जाते.

आमच्या मदरबोर्डवर आवाज करणारा स्पीकर नव्हता. मी तसे म्हणालो, तेव्हा वही घेऊन बसलेली मुलगी पुढे वाकली. "सर, त्या जाड वायरीच्या मागे एक लाल ठिपका दिसतोय. तो कशाचा?"

मी वायर बाजूला केली. पाटीच्या कडेला चार बारीक दिवे होते. प्रोसेसर, रॅम, चित्राचा भाग आणि डिस्क अशा चौघांसाठी एकेक दिवा. हजेरी ज्याच्यापाशी अडते त्याचा दिवा लागून राहतो. लाल दिवा प्रोसेसरचा होता. यंत्र रात्रीपासून ओरडून सांगत होते आणि आम्ही दोन शहाणे पुरुष त्याच्या तोंडावर वायर धरून बसलो होतो.

दिवा पाहून भावाचा चेहरा उतरला. प्रोसेसरच सर्वांत महाग होता. "जळला का, सर?"

प्रोसेसरचा दिवा लागला म्हणजे प्रोसेसर जळला असे नव्हे. वर्गात एखाद्याने हजेरी दिली नाही तर तो आजारी असेल, झोपला असेल किंवा त्याचा डबाच घरी राहिला असेल. आपण आधी डब्यापासून सुरुवात करतो. प्रोसेसरपर्यंत वीज पोहोचते का? मी सॉकेटची पिन काढायला सांगितली, डब्याच्या उघड्या धातूला हात लावला आणि आत पाहिले.

इथे दोन सूचना दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संगणक उघडताना पिन काढलेली असलीच पाहिजे आणि घरातले मोठे माणूस जवळ असले पाहिजे. पॉवर सप्लायची पेटी तर कधीही उघडू नये. पिन काढल्यावरही तिच्या आत जीवघेणी वीज साठून राहू शकते. धातूला हात का लावायचा, तेही सांगतो. कोरड्या हवेत सतरंजीवरून चालत जाऊन दाराच्या कडीला हात लावला की कधी कधी चटका बसतो. ती अंगावर साठलेली स्थिर वीज. आपल्याला तो चटका जाणवायला काही हजार व्होल्ट लागतात. संगणकातल्या नाजूक चकतीचे नुकसान व्हायला त्याहून कितीतरी कमी पुरतात आणि तेव्हा आपल्याला काही जाणवतही नाही. म्हणून अंगावरची वीज आधी धातूवर उतरवावी.

आत २४ पिनांचा रुंद जोड नीट बसला होता. प्रोसेसरच्या वरच्या कोपऱ्यात मात्र ८ भोकांचे एक सॉकेट रिकामे दिसत होते. त्याची वायर डब्याच्या मागच्या बाजूला गुंडाळून, रबर लावून, फार नीटनेटकी ठेवलेली होती. भावाने ती जादा वायर समजून बांधून ठेवली होती. अशी चूक नवखेच करतात असे नाही. ही वायर पाठीमागून, अंधाऱ्या कोपऱ्यातून आणावी लागते, त्यामुळे जाणत्या माणसाकडूनही ती राहून जाते. नवा संगणक सुरू न होण्याच्या नेहमीच्या कारणांत हे एक आहे. रॅमची पट्टी अर्धवट बसणे हे दुसरे. तिला दोन्ही बाजूंनी दाबून 'टक्' असा आवाज यावा लागतो. पडद्याची केबल चुकीच्या ठिकाणी लावणे हे तिसरे. काही प्रोसेसरांना चित्र तयार करता येत नाही. त्यांच्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवतात. अशा वेळी केबल मदरबोर्डला लावली तर जन्मभर काळाच पडदा दिसेल, ती कार्डालाच लावावी लागते.

आणखीही एक कारण आहे. तिथे कोणाचीच चूक नसते. मदरबोर्ड दुकानाच्या फळीवर वर्षभर पडून असतो, प्रोसेसर नंतर बाजारात आलेला असतो. मग जुना बायोस नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही. तेव्हा बायोस नवा भरून घ्यावा लागतो. काही मदरबोर्डांवर त्यासाठी वेगळे बटण असते. नाहीतर दुकानदाराकडे जावे.

वायर लावली. मुलीने वहीत ओळ लिहिली. बटण दाबले. प्रोसेसरचा लाल दिवा विझला आणि शेजारचा, रॅमचा दिवा लागला. पडदा काळाच.

भावाचा हात लगेच बटणाकडे गेला. मी तो धरला. त्याने घेतलेली रॅम डीडीआर-५ या नव्या जातीची होती. अशी रॅम पहिल्यांदा जोडली की मदरबोर्ड तिची ओळख करून घेतो. कोणत्या वेगाने, कोणत्या क्षणी संदेश पाठवला म्हणजे तो चुकत नाही, हे तो पुन्हा पुन्हा करून पाहतो. याला काही मिनिटेही लागू शकतात. पडद्यावर तेवढा वेळ काहीच दिसत नाही. पुष्कळ लोक याच वेळी घाबरून वीज बंद करतात आणि ओळख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आम्ही चौघे त्या डब्याकडे पाहत बसलो. बाहेर पाऊस जोरात होता.

या वेळात मी त्यांना एक जुनी हकीकत सांगितली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० नंतरच्या दशकात भारतीय तंत्रज्ञांनी एक संगणक स्वतः बांधायला घेतला. आर. नरसिंहन हे त्या गटाचे प्रमुख होते. तेव्हा सुटे भाग मिळणारी दुकाने नव्हती की पाहून शिकायला चित्रफिती नव्हत्या. त्या यंत्राला सुमारे २,७०० व्हॉल्व्ह लागणार होते. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या. एवढे मोठे यंत्र एकदम उभे केले आणि ते सुरूच झाले नाही, तर दोष कुठे शोधणार? म्हणून त्यांनी आधी एक लहान नमुना यंत्र बनवले. ते १९५६ मध्ये चालू झाले. त्यावर जे शिकायचे ते शिकून मग मोठे यंत्र बांधले. ते १९६० मध्ये कामाला लागले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले.

"म्हणजे आधी थोडंच जोडायचं?" मुलीने विचारले.

होय. आजही दोष सापडत नसेल तर हीच पद्धत वापरतात. संगणकातले अनावश्यक ते सगळे काढून टाकायचे. डिस्क काढायची, जादा रॅम काढायची, माउस काढायचा. मदरबोर्ड डब्यातून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. म्हणजे पितळी खुंट्यांचा संशयही जातो. त्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी, पॉवर सप्लाय आणि चित्राची सोय ठेवायची. एवढे चालले की एकेक वस्तू परत जोडायची. ज्या वस्तूनंतर पडदा काळा होईल ती गुन्हेगार. एवढेही चालले नाही, तर संशय चार-पाच वस्तूंवरच उरतो. मग त्या घेऊन दुकानात गेलो तर दुकानदारही नीट ऐकतो, कारण आपण 'चालत नाही' एवढेच सांगत नसतो, काय काय करून पाहिले तेही सांगतो.

बायोसमधल्या नोंदी बिघडल्या असतील तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, वीज बंद करून, काही मिनिटे काढून ठेवतात. त्यावर 'सीआर २०३२' लिहिलेले असते. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. मुलीने लगेच पट्टी आणायला उठायची तयारी केली, पण तेवढ्यात पडदा उजळला.

पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. मराठीतला 'दुरुस्ती' आणि तुमच्या उर्दूतला 'दुरुस्त' हे दोन्ही शब्द मूळ फारसीतले आहेत. खालांनी तो शब्द दारातूनच उच्चारला, "दुरुस्त झालं?" भाऊ काही बोलला नाही. तो पडद्यावरची अक्षरे वाचत होता आणि त्याचा चेहरा पुन्हा पडत चालला होता. पडद्यावर इंग्रजीत लिहिले होते की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

"सर, आता डिस्क गेली?"

मुलगी हसू लागली. तिच्या लक्षात आधी आले होते. डिस्क कोरी होती. तिच्यावर अजून कोणी काही भरलेच नव्हते. हजेरी पूर्ण झाली होती, वर्ग भरला होता, फक्त शिकवायला मास्तर आले नव्हते. विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली डिस्कवर भरल्याशिवाय कोणताही नवा संगणक याच्या पुढे जात नाही. हा बिघाड नव्हे, राहिलेले काम.

त्यासाठी पेनड्राइव्ह हवा होता. माझा घरी राहिला होता. भावाने रेनकोट चढवला आणि मोटारसायकलची किल्ली घेतली. खालांनी त्याला दारातच अडवले आणि ताटावर बसवले. तो जेवत असताना मुलीने वहीतल्या सगळ्या ओळी स्वच्छ अक्षरांत पुन्हा लिहून काढल्या आणि ते पान मदरबोर्डच्या पुस्तिकेत घालून ठेवले.